बाबांच्या भाषणातली अमेरिका

आमचे बाबा वेगळ्या विदर्भाचे. म्हणजे हाडाचे. एक मेला सगळीकडे महाराष्ट्र दिनाचे झेंडे लागतात, बाबा दंडाला काळी फीत बांधून नागपुरातल्या जरीपटका भागात भरणाऱ्या सभेला निघतात. बोलतात झकास. लेक म्हणून नाही, कॉलेजात इतिहास शिकवते म्हणून सांगते.

चार-पाच वर्षांमागे त्यांच्या भाषणात अमेरिका शिरली. कुठलासा व्हिडिओ मोबाइलवर पाहिला होता. "तिथली दक्षिणेतली राज्यंबी आपल्यासारखी कापूसवाली. उत्तरेची दादागिरी पाहून म्हणाली, घ्या तुमचा देश, आम्ही चाललो." खापरखेड्याकडच्या गावांमध्ये या वाक्याला टाळ्याच टाळ्या. कापूसवाला फुटून निघाला म्हणजे तोच खरा, हे आमच्याकडे कोणाला समजवावं लागत नाही.

त्या वर्षी जरीपटक्याच्या सभेतच चळवळीचा जिल्हाध्यक्ष निवडायचा होता आणि बाबांचं नाव पुढे होतं. सारी उमर त्यांनी याच चळवळीत घातलेली. आदल्या दिवशी ते ओसरीवर भाषण घोटून राहिले होते. अमेरिका आली आणि माझं डोकं फिरलं.

"बाबा, ती राज्यं गुलाम ठेवता यावेत म्हणून फुटली, त्यातूनच तिथलं यादवी युद्ध पेटलं. कापूस वेचणारी माणसं बाजारात विकत होते ते लोक. आणि आपण कुठे देश सोडून चाललो? आपण तर देशातच आपलं राज्य मागतो."

"तू काहून मंधात पडून राहिली वं?" बाबा उखडले. मीही काही कमी नाही. त्या राज्यांनी फुटताना आपली कारणं स्वतःच जाहीर केली होती, ती मराठीत करून त्यांना ऐकवली. बाबा शेतात निघून गेले.

सभेत मी मागे बसले होते. अमेरिका आली तसे लोक टाळ्यांना तयार झाले.

"हे गोष्ट मी तुमाले चुकीची सांगितली," बाबा म्हणाले. "ते राज्यं माणसाले गुलाम ठेवाले फुटली होती. त्याईच्या नावावर घेतलेल्या टाळ्या मले नाही पाह्यजे. मले विदर्भ पाह्यजे. देशातच पाह्यजे, अन् कोणाच्या मानेवर पाय देऊन नाही पाह्यजे."

माझ्या बाजूचा एक जण म्हणाला, "बुढा सटकला गा." मी त्याच्याकडे वळून चांगलं मोठ्यानं सांगितलं, "बाप आहे माझा."

अध्यक्ष दुसराच झाला. घरी येताना बाबा माझ्या स्कुटीवर मागे बसले होते. म्हणाले, "बाई, पोराईले ते युद्ध शिकवशील तं माह्यी चूकबी सांगजो."

दरवर्षी सांगते. ती चूक माझ्या बापाची, तेही सांगते.