खानदानी शिस्त आणि सपाट रेघ

माझी नजर म्हणजे काय विचारता! खारून नदीच्या पल्याडच्या काठावर बगळ्याने डोळा मारला तर मी अल्याडून ओळखायचो. त्यामुळे नवा रायपुरातल्या ऑफिसातून परतताना, दिवे गेलेल्या रस्त्यावर माझ्या पोरीने स्कूटी थेट उभ्या रोड-रोलरवर घातली, तेव्हा ती घरी आल्यावर मी ओरडलोच, "पोट्टे, एवढं धूड दिसलं नाही तुले?"

"नहीं दिखा, बाबा."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना शंका आली, डोळ्याच्या आतला पडदाच सुकत चालला असेल. तसं असलं तर पुढे दिवसाही दिसणार नाही, म्हणाल्या.

मग तपासणी. डोळ्यांत थेंब घालून अंधाऱ्या खोलीत इतका वेळ बसवलं, की बाहेर पडेस्तोवर पोरीचं लग्नाचं वय टळतं असं मला वाटलं. खालच्या पापणीत केसासारखी तार, कपाळावर चकती, समोर पांढरा घुमट. घुमटात प्रकाश चमकला की पडद्यात इवलीशी वीज उठते आणि तिची रेघ संगणकावर उमटते. अंधुक प्रकाशाला पोरीची रेघ उठलीच नाही. मेल्यासारखी सपाट.

"घरात कोणाला रात्री कमी दिसतं?" बाईंनी विचारलं.

"छे! आमच्या खानदानातला माणूस दिवेलागणीनंतर उंबराच ओलांडत नाही. बाबा नाही, आजोबा नाही, मी नाही. शिस्त आहे आमची!"

बाईंनी माझ्याकडे चोर सापडल्यासारखं पाहिलं. "बसा खुर्चीत."

पुन्हा थेंब, पुन्हा अंधार. माझीही रेघ सपाट! भर प्रकाशाला मात्र दोघांच्याही रेघा टुणकन उठल्या.

"मशीन बिघडली, मॅडम! रात्री कोणालेच दिसत नाही. म्हणून तर तिले रात्र म्हणतात!"

बाई हसल्या. पोरीचा हात धरून म्हणाल्या, "घाबरू नकोस. हा जन्मजात प्रकार, वाढत नाही. वाढणारा असता तर साठीत बाबांना पेपर वाचता आला असता का? फक्त अंधारात गाडी चालवायची नाही."

पोरगी हुंदके देऊन रडली.

थेंबांमुळे बाहेरच्या उन्हात दोघांनाही डोळे उघडवेनात, म्हणून बायकोला बोलावलं. ऑटोत बसल्या बसल्या मी विचारलं, "खरं सांग, तुले अंधारात दिसते?"

"हव. काहून?"

"आभाळात चांदण्या किती असतात?"

"अवो, मोजता थोडी येतात!"

शुक्र धरून मला चारच माहीत होत्या.