तीस बाटल्यांचं वर्ष

आमच्या संशोधन केंद्रात तिला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे चाळणीताई. हे नाव मीच ठेवलं. मी इथला कारकून, आणि दुसरा माणूस मिळत नाही म्हणून भांडारही माझ्याच गळ्यात आहे. दिवसभर पावत्या आणि बाटल्या. माणसाला नावं ठेवण्यापलीकडे करमणूक ती काय असणार?

काम तिचं असं. केंद्रामागच्या कुरणात पांढऱ्या जाळीचा एक तंबू उभा आहे. उडते किडे त्यात शिरतात, सवयीने वर वर जातात आणि टोकाला लावलेल्या स्पिरिटच्या बाटलीत पडतात. दर सोमवारी बाटली बदलायची. थंडीचे महिने सोडले तर वर्षाच्या तीस बाटल्या होतात. ताई ती बाटली चाळणीत ओतते, किडे निथळू देते आणि त्यांचं वजन करून वहीत लिहिते. मग किडे नव्या स्पिरिटमध्ये घालून चिठ्ठी चिकटवते आणि बाटली माझ्या भांडारात येते. बावीस वर्षं हेच चाललंय. नव्या पोरांना वाटतं, यात काय मोठंसं! एकाला मी म्हटलं, कर मग. दोन सोमवारांत त्याने हात टेकले.

यातली खरी मेख आहे ती निथळण्यात. घाईने वजन केलं तर स्पिरिटचंच वजन येतं. फार वेळ ठेवलं तर किडे सुकतात आणि हलके होतात. म्हणून नियम असा, की चाळणीतून पडणाऱ्या दोन थेंबांमध्ये दहा सेकंद गेले की लगेच वजन करायचं. भिंतीवर घड्याळ आहे, पण ताई स्वतः मोजते. ओठ हलताना दिसतात. एकदा मी मुद्दाम घड्याळ लावून बघितलं, तर तिचे दहा म्हणजे बरोबर दहा. मग गपगुमान परत आलो.

यंदा आमच्या मॅडमनी या बावीस वर्षांचा आलेख काढला. मॅडम इथे येऊन चार वर्षं झाली. हुशार बाई, पण जेवायची शुद्ध नसते. आलेखाची रेघ हळूहळू खाली उतरत होती आणि सोळाव्या वर्षी, म्हणजे आजपासून सहा वर्षांपूर्वी, एकदम खड्ड्यात गेली होती. पुढच्या वर्षी पुन्हा वर. मॅडमनी जुनी कागदपत्रं उकरली. त्याच वर्षी कुरणाला लागून असलेल्या फळबागेत पहिल्यांदा जोरदार फवारणी झाली होती. लोकांनी ओरड केल्यावर ती थांबली. आता बागवाल्याने परत परवानगी मागितली होती आणि तीन आठवड्यांनी समितीसमोर सुनावणी होती.

मॅडम आनंदाने नुसत्या फुलल्या होत्या. फवारणी झाली, किडे गेले. फवारणी थांबली, किडे आले. याहून स्पष्ट पुरावा कुठला? त्यांनी आलेख मोठा छापून भिंतीवर लावला आणि ताईला हाताला धरून आणलं.

"ताई, हे सगळं तुमचं काम. ह्या एका खड्ड्यावर आपलं कुरण वाचणार आहे."

ताईने खड्ड्याखालचं वर्ष वाचलं. "बरं," म्हणाली आणि परत चाळणीकडे गेली. मी तिथेच होतो. ते वर्ष मलाही माहीत होतं.

त्या वर्षी तिची मुलगी गेली. एकुलती एक, एकोणीस वर्षांची. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत दवाखान्यात सगळं संपलं. शनिवारी पोरगी गेली. सोमवारची बाटली मी बदलली, मोडक्यातोडक्या अक्षरात चिठ्ठी लिहिली. गुरुवारी ताई हजर! मी म्हटलं, "अहो, घरी बसा काही दिवस." ती म्हणाली, "घरी बसून काय करू? बाटली निथळायची राहिली असेल." डोळ्यांत टिपूस नाही. तिचे यजमान रोज संध्याकाळी फाटकाशी येऊन उभे राहायचे, तिला घेऊन जायचे. दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत. मला वाटलं, बाई खंबीर आहे. इतकं चुकीचं मी आयुष्यात दुसरं काही समजलो नसेन.

आलेख बघितल्यावर तीन दिवस ती नेहमीसारखी काम करत होती. चौथ्या दिवशी स्पिरिटचा डबा न्यायला भांडारात आली, डबा घेतला आणि जाईचना.

"भाऊ, ते किडे त्या वर्षी कमी नव्हते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी मोजत होते ना, एक, दोन, तीन, चार. चारपर्यंत यायचे आणि पुढचा आकडा सापडायचा नाही. मग परत एकपासून सुरू करायचं. बाहेर बघितलं की ऊन सरकलेलं असायचं. किडे पार सुकून जायचे."

"वर्षभर?"

"बहुतेक. पुढच्या वर्षी परत दहापर्यंत यायला लागले. कसं, ते नाही माहीत."

मी तिला खिडकीतून तसं उभं असलेलं बघितलं होतं. एकदा नाही, पन्नासदा. आत जाऊन खांद्यावर हात ठेवायला काय झालं होतं मला? कामात मन रमवते बिचारी, असं म्हणून मी पुढे जायचो. आता त्याची लाज वाटली आणि लाज वाटली की मला राग येतो.

"ताई, तोंडाला कुलूप लावा," मी म्हटलं. "कुणाला कळणार आहे? बागवाला काय साधुसंत लागून गेलाय? कुरण वाचतंय ना, वाचू दे."

"तेही केलं असतं. मला कशाचंच काही वाटत नाही, भाऊ. खरं बोलण्याचंही नाही आणि खोटं बोलण्याचंही नाही." तिने डबा या हातातून त्या हातात घेतला. "पण मॅडम ते सगळ्यांना दाखवणार. म्हणणार, बघा, औषधाने काय केलं. आणि तो खड्डा म्हणजे मी आहे."

मी पावती फाडली आणि तिच्या मागोमाग गेलो.

मॅडमना तिने कामाच्या भाषेत सांगितलं. सोळाव्या वर्षी निथळण्याचा वेळ पाळला गेला नाही, वजनं कमी भरली, ती धरू नका. मॅडमचा चेहरा पडला.

"वर्षभर? का पण, ताई?"

"उभी राहत होते."

"उभी राहत होते म्हणजे काय?"

मीच भडकलो. "तिची पोरगी गेली हो त्या वर्षी! आणखी काय सांगायला हवंय?"

मॅडम खुर्चीवर बसल्या. चष्मा काढून ओढणीने पुसत राहिल्या. चार वर्षं रोज जिच्या हातची वही वाचत होत्या तिच्या घरचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मग म्हणाल्या, "बाटल्या आहेत ना अजून?"

बाटल्या माझ्याकडे होत्या. मी टाकतो कुठे काही? ते वर्ष, त्याच्या आधीचं आणि नंतरचं, मिळून नव्वद बाटल्या काढून दिल्या. मॅडमनी सगळ्यांना नवं स्पिरिट घातलं आणि किडे पुन्हा भिजू दिले. घड्याळ समोर ठेवून एकेक बाटली स्वतः निथळली. तिन्ही वर्षांची वजनं एकाच पद्धतीने केली. यात दहा दिवस गेले. ताईला त्यांनी हात लावू दिला नाही, फक्त चिठ्ठ्या वाचायला बसवलं. पहिली बाटली, दुसरी, तिसरी. त्या वर्षीचंही तिचं अक्षर छापल्यासारखं होतं. अकरावी बाटली आली तेव्हा ती थांबली. "हे अक्षर माझं नाही," म्हणाली. "माझं आहे," मी म्हटलं. तिने मान हलवली आणि तारीख वाचली.

खड्डा भरून निघाला. नव्या वजनांनी सोळावं वर्ष पंधराव्यापेक्षा जरासं खाली आणि सतराव्यापेक्षा जरासं वर बसलं. राहिली ती एक सरळ उतरती रेघ. बावीस वर्षांत कुरणातले किडे निम्म्याहून कमी झाले होते, पण दर वर्षी थोडे थोडे, कुणाच्या डोळ्यावर न येता. मॅडम तोच आलेख घेऊन सुनावणीला गेल्या. समितीतले गृहस्थ म्हणाले, हे तर फवारणीच्या आधीपासूनच चाललंय, यात बागेचा काय दोष? बागवाल्याला परवानगी मिळाली. मॅडमनी घसा कोरडा होईपर्यंत वाद घातला, पण व्यर्थ.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर जुन्याच्या जागी नवा आलेख लागला. मॅडम ताईला म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत." मनापासून म्हणाल्या, पण आवाजात जीव नव्हता.

ताई आलेखाजवळ गेली. डोळे बारीक करून रेघेवरून बोट फिरवू लागली.

"ते वर्ष कुठलं यातलं?"

मॅडमनी दाखवलं.

"इथे काहीच नाही," ताई म्हणाली.

"नाही. इतर वर्षांसारखंच आहे."

"काहीच झालेलं दिसत नाही."

मी सरळ खिडकीबाहेर बघत राहिलो. ताई बराच वेळ बोट तिथेच ठेवून उभी होती.

दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. चेहरा नेहमीसारखाच. म्हणाली, "भाऊ, रजेचा अर्ज द्या." बावीस वर्षांत तिने माझ्याकडे अर्ज कधी मागितला नव्हता. मुलगी गेली तेव्हाचे दिवस मीच परस्पर भरून टाकले होते. तिने उभ्याउभ्याच नाव लिहिलं, आजचीच तारीख घातली आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, मुलगी वारली.

मी सही केली.