वॅक्सचा अजून एक हात

अमिरातीतल्या अल ऐनमध्ये सुट्टीचा शुक्रवार उजाडला की आमच्या इमारतीखाली निम्म्या बिऱ्हाडांचे नवरे बादल्या घेऊन उतरायचे. बाकीचे गाडी धुऊन, पुसून अर्ध्या तासात वर यायचे. माझा नवरा जेवायला चार हाका मारल्याशिवाय यायचा नाही, कारण तो गाडीला वॅक्स लावायचा. एक हात झाला की दुसरा, दुसरा सुकतो न सुकतो तोच तिसरा. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. देश सोडून चाललेल्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून घेतलेली ती पांढरी जपानी गाडी आमच्या घरात माझ्यानंतर आली, पण मान मात्र तिचा पहिला.

तिचे लाड तरी किती! पुसायला मऊ कापड हवं म्हणून त्याने माझ्या आईची जुनी सुती साडी कापून तिचे चौकोन केले. मी ती गोधडीसाठी जपून ठेवली होती. विचारलं का? नाही. "अहो, ती साडी होती," म्हटलं, तर म्हणाला, "अगं, विकतच्या फडक्यापेक्षा भारी आहे हे कापड, स्क्रॅच येत नाही." ही त्याच्या मते माझ्या आईची तारीफ होती.

भिंतीला जितके हात द्यावेत तितका रंग टिकतो, तसंच वॅक्सचं, हा त्याचा सिद्धांत. डब्याच्या मागे स्वच्छ लिहिलं होतं की थर पातळ द्या, सावलीत द्या, नीट सुकू द्या. हा भर उन्हात, तव्यासारख्या तापलेल्या बॉनेटवर, लोणी फासल्यासारखं वॅक्स फासायचा. मी गॅलरीतून बघत असायची, मला दुसरं काम काय होतं! दुसऱ्या हाताने फरक पडायचा, हे खरं. पहिल्यात सुटलेल्या जागा भरून निघायच्या. त्यापुढे काही नाही. दोन हातांनंतर पाणी जसं थेंब होऊन घरंगळायचं, तसंच पाच हातांनंतरही घरंगळायचं. उरलेलं सगळं दारांच्या रबरात आणि नंबरप्लेटच्या कडेला पांढरं होऊन साठायचं, आणि ते जुन्या टूथब्रशने खरवडून काढायचं काम माझं. सोमवारी वारा सुटला की वाळवंटातली धूळ त्या चिकट थरावर येऊन बसायची, म्हणजे पुढच्या शुक्रवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण ती गाडी आठवडाभर खाली नुसती उभी असायची. नवऱ्याला न्यायला ऑफिसची व्हॅन यायची. आणि मला गाडी हवी होती, कारण मला नोकरी हवी होती. लग्नाआधी मी गणित शिकवत होते. गावाबाहेरच्या एका इंडियन स्कूलमध्ये गणिताची जागा निघाली, मी मुलाखत दिली, त्यांनी मला घेतलं. शिक्षकांसाठी बस आमच्या भागात येत नव्हती आणि टॅक्सीने रोज एकटीने जाणं नवऱ्याला पसंत नव्हतं. म्हणून मी ड्रायव्हिंग शिकले. तिथे लायसन्स काढताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. त्याच्याही आले होते. मी त्याच्यापेक्षा कमी फेऱ्यांत पास झाले. माझ्या मते सगळं तिथेच बिनसलं.

"चावी देतो गं, पण हा कोट जरा सेट होऊ दे," तो म्हणायचा. कोट सेट झाला की वारा सुटायचा. वारा थांबला की नवा डबा यायचा. प्रिन्सिपलबाईंना मी दोनदा फोन करून मुदत मागून घेतली. त्या म्हणाल्या, दसऱ्यानंतरच्या आठवड्यात या, नाहीतर आम्हाला दुसरं कुणी बघावं लागेल.

दसऱ्याला आम्ही गाडीची पूजा केली. परदेशात माणूस जरा जास्तच सण पाळतो. झेंडू कुठून तरी मिळवले, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि मी तेलात कालवलेल्या कुंकवाने बॉनेटवर ठसठशीत स्वस्तिक काढलं. संध्याकाळी मी ओलं फडकं घेऊन खाली निघाले, तर त्यानेच अडवलं. "देवाचं चिन्ह आहे, पुसायचं नसतं. जाईल आपोआप." ते आपोआप कुठलं जातंय! ऊन चढलं, कुंकू पांढऱ्या रंगात मुरलं, आणि शुक्रवारी पुसल्यावर तिथे गुलाबी स्वस्तिक तसंच राहिलं.

मग त्याने त्यावर वॅक्स चढवायला घेतलं. एक हात, अजून एक हात. वॅक्स पारदर्शक असतं एवढंही त्याच्या लक्षात येईना. दर थराबरोबर डाग जास्तच चमकायला लागला. शेवटी कापड बादलीत फेकून तो वर आला आणि माझ्यावर ओरडला, "गाडीला हात कसा लावायचा ते कळत नाही, आणि चावी मागतेस? खलास! तो विषय बंद."

आमची लेक तेव्हा सहा वर्षांची. मी नंतर एकदा गंमत म्हणून तिला म्हटलं, चल, खाली गाडीत नुसतं बसून येऊ. ती दचकून म्हणाली, "नो मम्मा, पपा सेड यू कान्ट टच इट."

दसऱ्यानंतरच्या त्याच आठवड्यात शाळेने दुसरी बाई घेतली. मी रडले नाही. राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. त्यानंतर तो विषय मी काढला की तो वॅक्सचा डबा काढायचा, आणि काही वर्षांनी मी काढेनाशी झाले.

पुढे दोन हजार सालानंतर त्याला दुबईत नोकरी लागली, कंपनीची गाडी मिळणार होती, म्हणून ही विकायला काढली. बघायला हैदराबादचं एक तरुण जोडपं आलं. बायको तिथल्या हॉस्पिटलात नव्याने लागलेली नर्स. तिच्या नवऱ्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि हसत म्हणाला, "मुझे तो चलानी आती नहीं भाईसाब, चलाएगी यही."

मी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा काहीतरी कारण काढणार. त्याने पुढे होऊन तिच्यासाठी दार उघडलं. "आइए मॅडम, बैठिए. डरिए मत, एकदम स्मूथ है." सीट पुढे कशी सरकवायची ते दाखवलं, आरसा लावून दिला, चावी तिच्या हातात ठेवली आणि स्वतः शेजारी जाऊन बसला. गाडी हळूच बाहेर निघाली, राउंडअबाउटला वळली, दिसेनाशी झाली. तिचा नवरा आणि मी फुटपाथवर उभे राहिलो.

परत आला तो हसतच. पोरगी चावी तिच्या नवऱ्याला दाखवत होती, लाजत होती. "यल्ला, चला, डील पक्की," माझ्या कानाशी येऊन तो म्हणाला, "आणि चालवते पण मस्त गं, हात अगदी हलका आहे तिचा."

मी कशी चालवते, हे त्याला आजही माहीत नाही.