पुरीच्या जागी भाकरी

सातपूरच्या आमच्या कारखान्यात कॅन्टीन कमिटीवर मी निवडून आलो तो पुरीच्या जोरावर. भाकरी-उसळीऐवजी रोज पुरी आणि तळलेली भजी, ही मागणी मी मान्य करून घेतली, तेव्हा लोकांनी मला उचलून घेतलं होतं.

काही वर्षांनी माझ्या शेजारच्या लेथवरच्या मित्राला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशननंतर त्याला भेटायला गेलो, तेव्हा डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं, "आमच्या तळलेल्या खाण्यामुळे झालं का हो हे?"

"एकट्या तेलावर ठपका ठेवता येणार नाही," ते म्हणाले. "त्याचे पुरावे तितके पक्के नाहीत. पण जेवणात चोथा भरपूर असेल, म्हणजे भाकरी, उसळी, पालेभाज्या, तर धोका कमी होतो."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याच्या ताटातली भाकरी मीच हटवली होती.

कमिटीत भांडून मी बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ परत आणली. ठेकेदाराने अट घातली, "महिनाभर बघू. उरली तर पुन्हा पुरी."

टोपल्या भरून उरू लागली. "मेंबर, पुरी दाखवून मतं घेतली, आणि आता गुरांचा चारा?" फिटर मंडळी ताटं वाजवत. "उद्या पेंड आणा!" मी हसून माझ्या ताटातली भाकरी संपवायचो.

निम्मा महिना सरला तेव्हा मित्र कामावर परतला. डॉक्टरांनी त्याला आता सगळं खायची मुभा दिली होती. भाकरी घेऊन तो नेमका फिटरांच्याच टेबलावर बसला. ताटं वाजायची थांबली.

"काय रे, मयताला आलात का? उसळ सरकवा इकडे." एक घास खाऊन तो माझ्यावर ओरडला, "मेंबर, ही गार भाकरी कोण खाईल? तवा इथं रांगेपाशी आणा की!"

एवढं साधं मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेगडी बाहेर मांडली. तव्यावरची भाकरी थेट ताटात पडू लागली, आणि फिटर रांगेत सगळ्यांच्या पुढे.

महिनाअखेरीस ठेकेदाराने पुरीचं नावही काढलं नाही. बाजरी पुरत नाही म्हणून कुरकुरत होता.

घरी बायकोला हाक मारली ती इतक्या मोठ्याने, की ती दचकलीच. "कुणाशी भांडलात?"

"अगं नाही, आज मला भाकरी मिळाली नाही. सगळी संपली!"