त्यांचा हात, माझा पाय

सासूबाईंच्या हातच्या गोधडीत गुंडाळलं गेलं नाही असं एकही पोर आमच्या घरात नाही. जुन्या लुगड्यांचे थर आणि बारीक धावदोरा. शिवण कायम कडेनं सुरू व्हायची आणि फिरत फिरत मधे येऊन संपायची. माझ्या लेकीला दिवस गेले आणि त्याच सुमारास सासूबाईंना लकवा मारला. उजवा हात गेला. त्याच्यावर गरम चहा सांडला तरी त्यांना पत्ता नाही. मी किंचाळले तेव्हा त्यांनी खाली बघितलं.

"पणतवंडाची गोधडी माझ्याच हातची व्हनार," त्या म्हणाल्या. "डावा हाय की."

डाव्या हातात सुई धरवेना. त्या रडल्या नाहीत, पण बोलायच्या बंद झाल्या, आणि ते मला सोसेना. मी अवसरी गावात घरीच शिवणकाम करते, कॉलेजच्या पोरांच्या पँटा आखूड करून करून पाठ वाकली आहे. मोबाईलवर बघितलं होतं की मशीनच्या सुईखालचे दात खाली पाडले तर मशीन कापड ओढत नाही, आपण हातानं फिरवू तिकडं शिवण जाते. म्हटलं, एवढं एका हाताला जमेल.

मग मी खुळ्यासारखी मागेच लागले. भरतकामाला सुईपाशी लावतात तो स्प्रिंगचा फूट मंचरहून आणला. सुताराकडून टेबल कापून मशीन त्यात खाली बसवून घेतलं, म्हणजे गोधडी सपाट पसरते, तिचं वजन हातावर येत नाही. वरून गुळगुळीत सनमायका. कांदा निवडताना बायका घालतात ते रबरी ठिपक्यांचे हातमोजे घेतले, कारण कोरड्या हाताखालून कापड निसटतं. कोपराखाली उशी. नवरा म्हणाला, "एवढा थाट आपल्या लग्नात नव्हता राव."

राहिला पायाचा प्रश्न. सासूबाई हाताकडं बघायला गेल्या की पाय जोरात पडायचा आणि मशीन उधळायचं. म्हणून पेडल मी माझ्याकडं ओढून घेतलं. सुईसमोर त्या, शेजारी स्टुलावर मी. त्यांचा हात पळाला की टाका लांब, थबकला की दोऱ्याचा गुंता. "हळू की गं!" "आत्या, तुम्हीच हळू!" असं आमचं भांडण अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. पण कधीकधी दोघींचं जुळायचं, शिवण सरसर पळायची, आणि त्या माझ्याकडं न बघता हसायच्या. तेवढ्यासाठी मी सगळी कामं बाजूला टाकली होती.

चूक मला पहिल्यापासून दिसत होती. मशीनवर गोधडी मधून सुरू करायची असते, म्हणजे सैल कापड कडेला सरकत जातं. मी सांगून बघितलं. "मधनं?" त्या म्हणाल्या. "घर बांधताना कुनी मधनं भिंत घालतं व्हय?" गोधडीच्या बाबतीत त्यांच्यापुढं बोलायची माझी टाप नाही. हातशिलाईत त्या टाक्यागणिक कापड चापून घ्यायच्या. मशीनवर ते शिवणीपुढं सरकत राहिलं. शेवटी कडा एकदम सरळ आणि बरोबर मधे फुगलेल्या कापडाचं हे एवढं टेकाड.

"उसवू या," मी म्हणाले.

"आन पोरगी तवर थांबल व्हय?"

खरं होतं. लेकीचे दिवस भरत आले होते. आता टेकाड दोन्ही बाजूंनी ताणून धरून शिवलं तरच बसणार होतं, म्हणजे दोन हात हवे होते. मी माझा हात पुढं केला. त्यांनी तो बाजूला सारला. "तुजा नगं. मग गोधडी तुजी व्हईल."

त्यांनी उजवा हात डाव्यानं उचलून टेबलावर ठेवला. "मोजा घाल ह्याला." मी घातला. एकेक बोट मीच आत सारलं. ती बोटं कशालाच विरोध करत नव्हती. मग त्यांनी तो पंजा टेकाडाच्या पलीकडं ठेवला, सुईला अगदी लागून.

"दाब."

कापड सरकलं असतं तर तो हातही त्याच्याबरोबर सुईखाली गेला असता, आणि त्यांना कळलंसुद्धा नसतं.

"आत्या, नको."

"दाब की गं. काय दुकतंय का मला?"

पाय पेडलवर होता. दाबवेना. त्या सुईकडं बघत वाट बघत राहिल्या. मग मी पाय काढून घेतला.

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या डाव्या हातानं उजव्याचा मोजा ओढायला लागल्या. एका हातानं तो निघेना. मी पुढं झाले.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, आणि ओढत राहिल्या.