धाकट्या डोंगरावरचं व्याहीभोजन

आमचा टूर मॅनेजर केतन संध्याकाळी हॉटेलच्या किचनमध्ये आला आणि म्हणाला, "मामा, उद्या थोरला डोंगर. ग्रुपचं ठरलं. पॅक लंच लावा."

मी कांदा चिरत होतो. सुरी खाली ठेवली आणि सांगितलं, "थोरल्या डोंगराला माझ्याकडनं डबा मिळणार न्हाई."

हे गाव स्वित्झर्लंडमधलं, लुझर्न. मी तिथं सांगलीच्या एका टूर कंपनीचा स्वयंपाकी म्हणून गेलो होतो. आपली माणसं युरोपात गेली तरी दोन दिवसांत भाकरी-आमटी मागतात. म्हणून कंपन्या स्वयंपाकी बरोबर नेतात, आणि हॉटेलवाला आपल्या किचनचा एक कोपरा आम्हाला देतो. मी चौथीत शाळा सोडली. पण कराडपासून मिरजेपर्यंत कितीतरी लग्नांच्या पंगती मी उठवल्या आहेत आणि एकाही पंगतीत भात कमी पडला नाही. मला शिकवायला कुणी येऊ नये.

टूरमध्ये एक दिवस ऑप्शनचा असतो. म्हणजे दोन ठिकाणांतलं एक ग्रुपनं निवडायचं. बस एक, मॅनेजर एक, त्यामुळं सगळ्यांनी एकाच ठिकाणी जायचं. इथं दोन डोंगर होते. एकाचं नाव युंगफ्राऊ. अकरा हजार फुटांच्या वर रेल्वे जाते, बारा महिने बर्फ, पण हवा विरळ. धडधाकट माणूससुद्धा तिथं चार पायऱ्या चढला की थांबतो. दुसरा रिगी. महाबळेश्वरापेक्षा थोडा उंच. गवत, गाई, खाली तळं, वरती बसून जेवायला बाकडी. मी त्यांना थोरला आणि धाकटा म्हणतो.

बस भरली होती दोन घरांनी. निम्मी माणसं कराडकडच्या सुभेदारांची, निम्मी आष्ट्याच्या विश्वासरावांची. सुभेदारांचा मुलगा आणि विश्वासरावांची मुलगी यांचं लग्न नुकतंच झालेलं. नवी सोयरीक म्हणून दोन्ही घरं मिळून फिरायला निघाली होती. जोडपं मात्र पुण्यात नोकरीवर.

नव्या व्याह्यांचं कसं असतं ते सांगायला नको. केतननं चहाच्या वेळी विचारलं, कुठला डोंगर? सुभेदार म्हणाले, पाव्हणं म्हणतील तो. विश्वासराव म्हणाले, छे, सुभेदारसाहेब म्हणतील तो. असं बराच वेळ चाललं. शेवटी विश्वासरावांना वाटलं, ज्या माणसानं फौजेत राहून बर्फात नोकरी केली त्याला गवताचा डोंगर दाखवला तर आष्ट्याची लाज जाईल. त्यांनी थोरला सांगून टाकला. सुभेदार म्हणाले, तुमचा शब्द. झालं.

विश्वासरावांच्या मंडळी सुमनताई शेजारीच बसल्या होत्या.  मी चहा देत होतो. त्यांनी भरलेला कप तसाच परत केला.

कारण मला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी त्या एकट्या किचनच्या दाराशी आल्या होत्या.

"मामा, माझ्या ताटात मीठ नगं. आन कुणाला सांगू नगा."

लग्न ठरल्यावर, साखरपुड्याच्या आधी, मिरजेला त्यांच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्या होत्या. सुभेदारांच्या घरी सांगितलं, बहिणीकडं गेली आहे. आता कळलं तर म्हणतील, आईचं दुखणं लपवून पोरगी गळ्यात मारली, आणि ते पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. डॉक्टरनी बजावलं होतं, महाबळेश्वराएवढं चालेल, फार वर जायचं नाही. टूरला नको म्हणावं तर का म्हणून विचारतील. म्हणून आल्या. मी शब्द दिला होता. माझा शब्द म्हणजे शब्द.

म्हणून केतनला कारण सांगता येईना. तो म्हणाला, दहीभात द्या, ठेपले द्या, काहीही द्या. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, वर ब्रेड विकत घेऊ. मी म्हटलं, घ्या. त्यानं सांगलीला साहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

साहेब म्हणाले, "मामा, मी तुम्हाला डोंगर ठरवायला पाठवलंय का?"

"न्हाई."

"मग डबा का देत नाही?"

"देणार न्हाई."

"ही तुमची शेवटची टूर समजा."

"समजलो," म्हटलं, आणि कांदा चिरायला घेतला.

केतन वाईट माणूस नाही. तिकिटं सांगायला अजून तासभर वेळ होता. जाताना दारात थांबून त्यानं विचारलं, "मामा, काही आहे का?" मी मान वर केली नाही. तो गेला.

तो गेल्यावर मी सुरी खाली ठेवली. काळजी नोकरीची नव्हती. सगळं ठाऊक असूनही विश्वासराव मानापायी बायकोला घेऊन वर जाणार आणि ती बाई शेवटपर्यंत तोंड उघडणार नाही, हे मला दिसत होतं. मग हरभऱ्याच्या डाळीच्या पिशवीकडं लक्ष गेलं. शेजारी कराडच्या गुळाची ढेप. मी डाळ निवडली, धुतली आणि भिजत घातली. हात पुसून डायनिंग हॉलमध्ये गेलो.

सगळ्यांसमोर विश्वासरावांना म्हणालो, "आवं, लग्नात तुमच्याकडनं व्याहीभोजन राहिलं म्हणं."

राहिलं होतं. हे बसमध्ये बायकांच्या बोलण्यात मी ऐकलं होतं. व्याहीभोजन म्हणजे मुलीकडच्यांनी व्याह्यांना पाटावर बसवून मानानं घातलेलं जेवण. लग्नाच्या दिवशी लाइट गेली, पाऊस आला, आणि ते तसंच राहून गेलं.

विश्वासरावांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, डाळ भिजत घातली आहे. उद्या पुरणपोळी, कटाची आमटी, भात. पण ते बाकड्यावर बसून जेवायचं जेवण आहे, आणि तशी जागा धाकट्या डोंगरावर. थोरल्यावर गाडीतनं उतरायचं, बर्फ बघायचा आणि परतायचं.

विश्वासराव म्हणाले, "भोजन परवा करू. उद्या बर्फ."

 सुमनताई टेबलाकडं बघत होत्या. केतन हातात फोन घेऊन उभा. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात सुभेदार म्हणाले, "पाव्हणं, बर्फ मी लय बघितला. मानाचं ताट अजून बघितलं न्हाई."

आता नाही म्हणायची सोय राहिली नाही. केतननं धाकट्या डोंगराची तिकिटं सांगितली.

पहाटे मी पुरण वाटत होतो. सुभेदार कोट घालून खाली आले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "महाराज, माझ्या ताटात मीठ टाकू नगा. पोट बिघडलंय."

पोट बिघडल्यावर कुणी मीठ सोडत नाही. मी विचारलं नाही. आमटीत मीठ घालायच्या आधी छोट्या पातेल्यात दोघांपुरती वेगळी काढली. कणीकही वेगळी मळली. सुमनताईंचं एक, सुभेदारांचं एक, अशी दोन ताटं अळणी. मनात म्हटलं, एकाचं दुसऱ्याला कळायचं कारण नाही.

डोंगरावर ऊन होतं. पाट नव्हते, बाकड्यांवर चादरी टाकल्या. समोरासमोर व्याही, समोरासमोर विहिणी. मी वाढून मागं सरलो आणि विश्वासरावांच्या भाचीनं मोबाइल काढला.

"आता घास भरवा," ती म्हणाली.

ही रीत माझ्या डोक्यातून पार गेली होती. व्याहीभोजनात व्याही व्याह्याला आणि विहीण विहिणीला आपल्या ताटातला घास भरवते. रीत गोडाची, पण सुभेदारांच्या बोटांत आमटीभात कालवलेला होता. मी "आधी पोळी" म्हणेपर्यंत तो विश्वासरावांच्या तोंडात गेला.

विश्वासरावांनी दोनदा चावला आणि थांबले. ती अळणी चव त्यांच्या घरचीच होती. बायकोबरोबर ते किती महिने तसंच जेवत असणार. त्यांनी घास गिळला आणि खालच्या आवाजात विचारलं, "कवापास्नं, पाव्हणं?"

"काय कवापास्नं?"

"मीठ बंद."

सुभेदारांनी बायकोकडं बघितलं. मग म्हणाले, "मागल्या पावसाळ्यापास्नं. एक झटका येऊन गेला. म्हटलं तुमास्नी कळलं तर पोरगी देणार न्हाई."

 विश्वासरावांनी सुमनताईंचं ताट ओढलं आणि सुभेदारांपुढं सरकवलं. "ह्यातला बी एक खावा."

सुभेदारांनी खाल्ला. चावता चावता त्यांची नजर सुमनताईंवर गेली, मग समोर. त्या दिवशी आकाश स्वच्छ होतं आणि लांबवर बर्फाची शिखरं उभी होती. थोरला त्यांतच.

"आन आपण तिथं निघालो व्हतो," सुभेदार म्हणाले.

"व्हय," विश्वासराव म्हणाले. "तुमच्या मानासाठी."

सुमनताईंनी आपलं ताट परत ओढून घेतलं. "मला कुणी इचारलंच न्हाई," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा पोटभर जेवल्या. सुभेदारांच्या मंडळींनी त्यांच्या ताटात अजून एक पोळी वाढली, वर तूप. तेवढं तूप मी चमच्यानं काढून घेतलं.

सांगलीला परतल्यावर साहेबांनी बोलावलं. थोरल्याला डबा का दिला नाही, म्हणाले. ग्रुपचं कौतुकाचं पत्र आलं होतं, तरी त्यांना कारण हवंच होतं. मी म्हटलं, डाळ भिजत घातली होती.  पुढच्या टूरला दुसरा स्वयंपाकी गेला. त्याच्या पुढच्या टूरला मला फोन आला.

आता मी एक करतो. निघायच्या दिवशी बसच्या दाराशी उभा राहतो आणि चढणाऱ्या प्रत्येकाला एकट्याला विचारतो, काय चालतं, काय चालत नाही. केतन म्हणतो, मामा, सगळ्यांना एकदम विचारा, वेळ वाचेल. मी ऐकत नाही. चारचौघांत विचारलं की प्रत्येकाला सगळं चालतं.