टेकायला खांब

घर बांधायच्या आधी आमच्याकडे घरावरून जेवढं बोलणं झालं, तेवढ्यात दोन घरं उभी राहिली असती. विटांचं बांधायचं की लाकडाचं, एवढाच प्रश्न. पण तो सकाळी चहाबरोबर निघायचा आणि अंथरुणं टाकेपर्यंत संपायचा नाही. मी शाळेतून दमून यायची, चपला काढायच्या आत यांचं सुरू व्हायचं, "अवं, सागाचा भाव पुन्हा वाढून राह्यला." मी म्हणायची, "वाढू द्या. आधी मले पानी पिऊ द्या."

हे मंडल ऑफिसात कारकून, मी मराठी शाळेत मास्तरीण. दोघांचा पगार चालू, आदिलाबादजवळच्या बेल्यात एक प्लॉटही घेतलेला, पण राहायला भाड्याची खोली. एका खोलीत पाणी नव्हतं, दुसरीत घरमालकीण पाण्यावरून कटकट करायची, तिसरीत मामाजींना निजवायला जागाच नव्हती. मामाजी म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर ते गाव सोडून आमच्याकडे आले आणि तेव्हापासून खोलीच्या दारात पोतं टाकून बसायचे. ना आत, ना बाहेर. येणारा-जाणारा त्यांना ओलांडून जायचा, आणि ते दर वेळी पाय जवळ घ्यायचे. मला ते पाहवत नव्हतं. भांडी, ट्रंका आणि म्हातारं माणूस पुन्हा पुन्हा बंडीत घालून दुसऱ्या गल्लीत न्यायचा मला अक्षरशः वीट आला होता. तसं एकदा बोलली, तर हे हसून म्हणाले, "वीट आला ना? मंग इटायचंच बांधू." मला काही हसू आलं नाही.

तर यांचं म्हणणं विटांचं. ऑफिसातल्या सगळ्यांचं विटांचं, आणि सरकारी कागदात विटांचं तेवढं पक्कं, बाकी सगळं कच्चं. मामाजींचं म्हणणं लाकडाचं. सागाचे खांब, खांबांवर आडवी मयाल, वर छपराला फाटे आणि कवेलू, आणि समोर ओसरी. "काऊन पण बाबा?" असं यांनी विचारलं की उत्तर एकच, "मले लाकडाचं पाह्यजे." पुढे एक शब्द नाही. आयुष्यात कधी कोणाजवळ काही मागितलं नाही त्या माणसानं, साधी भाजी आवडली नाही म्हणून सांगितलं नाही, आणि इथं मात्र अडून बसले होते.

बरं, हिशेबानं सुटावं तर तेही नाही. आधी आम्ही नार्नूरला होतो. तिकडे जंगल दाराशी. शेजारीपाजारी मिळून खांब उभे करायचे, कुडाच्या भिंती शेणामातीनं लिपायच्या, शेवटी सगळ्यांना जेवण घातलं की घर झालं. पण तेच लाकूड बेल्यापर्यंत आणायचं म्हटलं की परमिट आलं, डेपो आला, नाका आला, आरा मशीन आली, गाडीभाडं आलं. कचेरीत इमारती लाकडाला अजून निजामाच्या वेळचा शब्द होता, चोबीना. हे म्हणायचे, "जंगलात तो खांब असते, बेल्यात येईतो त्याचा चोबीना होते अन् भाव तिप्पट."

विटा त्या मानानं स्वस्त. भट्टी जवळ, ट्रॅक्टर थेट प्लॉटवर. पण आमची जमीन कापसाची, काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि वरच्या भिंतीला तडे देते. मेस्त्री तेलुगू होता, तो प्लॉटवर पाय आपटून म्हणाला, "अम्मा, पुनादी खोल पाहिजे." पुनादी म्हणजे पाया. मुरूम लागेपर्यंत खणायचं, म्हणजे विटांत वाचलेले सगळे पैसे जमिनीत पुरायचे. वर सिमेंट, सळई, रेती. लाकडाच्या घराला तडे जात नाहीत, ते जमिनीबरोबर हलतं, पण त्याला उदई, म्हणजे वाळवी, लागते. असं करता करता दोन्ही बाजूंचा आकडा दर वेळी जवळपास सारखाच यायचा, आणि तिथंच आमचं घोडं अडायचं. एक काहीतरी चांगलं महाग निघालं असतं तर माझी तरी सुटका झाली असती. लग्नाच्या पंगतीत, बसमध्ये, अगदी मयताला गेलो तरी हे कोणाला तरी बाजूला घेऊन विचारायचे, "तुमाले काय वाटते, इटा का लाकूड?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग एक दिवस हे ऑफिसातून जवळजवळ पळतच आले. मामाजींच्या गावी, ज्यांच्याकडे त्यांनी उमर घालवली त्या मालकाचं जुनं घर पाडणं चालू होतं. मालक वारलेले. मुलाला स्लॅबचं घर बांधायचं होतं आणि तो सगळं सागाचं लाकूड विकून राहिला होता. जुनं, मुरलेलं, उदईला दाद न देणारं, आणि नव्याच्या निम्म्या भावात. जुन्या लाकडाला परमिटचीही तेवढी कटकट नाही, असं ऑफिसात सांगत होते. पहिल्यांदाच लाकूड विटांपेक्षा स्वस्त निघालं होतं. हे म्हणाले, "घे. बाबाचंबी झालं अन् आपलंबी झालं." मी मनातल्या मनात सामान बांधायलाही लागली.

रविवारी तिघं गेलो. मामाजींनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. बसमध्ये सगळा वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मला वाटलं, खूश असतील.

मालकाच्या अंगणात खांब ओळीनं आडवे टाकले होते. मालकाच्या मुलानं चांगलं स्वागत केलं, खुर्च्या मागवल्या, मामाजींना म्हणाला, "काका, तुमीच तं आनले होते हे खांब. तुमच्याच घरी जाऊन राह्यले, यापेक्षा चांगलं काय?" मनापासून बोलला तो, खोटं कशाला सांगू. हे एकेक खांब बोटानं वाजवून पाहत होते. लाकूड खरंच सुरेख होतं. फक्त प्रत्येक खांबाच्या खालच्या अंगाला, माणूस खाली बसला की जिथं पाठ येते बरोबर तिथं, लाकूड काळं, गुळगुळीत आणि तेलकट झालेलं होतं. ओसरीवर वर्षानुवर्षं टेकून बसलेल्या पाठींचे डाग ते.

मामाजी त्यातल्या एका खांबाजवळ उभे राहिले. वाकले. डागाजवळ हात नेला आणि लावला नाही. मग सरळ होऊन म्हणाले, "नाई. हे नको."

यांना आधी ऐकूच आलं नाही. मग म्हणाले, "काय नको?"

"हे लाकूड नको."

मालकाच्या मुलाला वाटलं भावावरून चाललंय, त्यानं अजून कमी केला. मामाजी तोवर अंगणाबाहेर पडले होते.

बसथांब्यावर लिंबाच्या झाडाखाली यांचा बांध फुटला. एवढे कधी चिडले नव्हते बापावर. "लाकूडच पाह्यजे होतं ना तुमाले? फुकटाच्या भावात भेटून राह्यलं तं नको! मंग पाह्यजे तरी काय? आमी काय जनमभर भाड्याच्या खोलीत सडाचं?" मी म्हटलं, "हळू बोला, लोक पाहतात." खरं तर मलाही तेच विचारायचं होतं. एवढी वर्षं मी दोघांच्या मधात उभी राहून थकली होती.

मामाजी यांच्याकडे पाहून बोललेच नाहीत. माझ्याकडे पाहून बोलले.

"सूनबाई, मी तिथं सालदार होतो तवा ते खांब आमीच आनले. नार्नूरकडून, बंड्यायनं. नाल्यात बंडी फसली तं खांद्यावर घेऊन काढले. खांद्याले चालले ते. घर उभं झाल्यावर पाठीले नाई चालले." त्यांनी खाली बोट दाखवलं. "आमचं बसनं खाली अंगनात. एकडाव ताप होता, मी टेकलो. तं मालकीनबाईनं तो खांब धुवून काढला. माह्यासमोर. अन् मले उभं ठेवलं, धुनं होईपर्यंत."

यांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"तवापासून वाटे, आपलंबी घर असावं लाकडाचं. ओसरी असावी. टेकून बसावं. पन ते खांब नाई, बाई. त्याले त्यायच्या पाठीचं तेल हाय. मले माह्या पाठीचा खांब पाह्यजे."

बस यायला उशीर होता. हे बाजूला जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. इतकी वर्षं आम्ही भाव काढत होतो आणि या माणसाला भावाशी काही देणंघेणंच नव्हतं. मला एकदम रडू आलं, आणि रागही आला, आधी काऊन नाही सांगितलं म्हणून. पण असं काही कोणी जेवताना मधातच सांगतं का?

मी विचारलं, "मामाजी, टेकाले किती खांब लागतात?"

ते चक्रावले. "एकच लागते."

"मंग घर विटांचं. अन् ओसरीले एक खांब सागाचा, कोरा, डेपोतला. ठरलं. आता याच्यावर कोनी बोलाचं नाई."

हे बोललेच. त्या एका खांबासाठी परमिट, गाडी, आरा मशीन. तेवढ्या पैशात मागची खोली निघते, म्हणाले. मागची खोली म्हणजे माझी धान्याची, कपाटाची, दार लावून घटकाभर बसायची खोली. प्लॉट घेतल्यापासून ती मी डोळ्यांपुढे मांडून ठेवली होती. मी म्हटलं, "नाही निघाली तर राहू द्या."

नाहीच निघाली. बांधकामाचं काय सांगू, नाकी नऊ आले. पाया खणता खणता मुरूम लागेना. मेस्त्री पोळ्याला गेला की चार दिवस दिसायचा नाही. सिमेंट आलं तर रेती नसायची. शाळा सुटली की मी भिंतींना पाणी मारायची, आणि हात असे दुखायचे की सकाळी फळ्यावर खडू धरवायचा नाही. खांब सगळ्यात शेवटी आला, बैलबंडीतून, एकटाच, नवरदेवासारखा. मामाजींनी त्याला हात लावून पाहिला, वरपासून खालपर्यंत. कुठंही डाग नव्हता.

बुद्धवंदना झाली, खीर झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी पाहते तर मामाजी ओसरीत खांबापासून हातभर दूर, पाठ ताठ करून बसलेले. मी कपाळावर हात मारला. "अवो मामाजी, टेका ना! कोनासाठी आनला मी तो?" ते म्हणाले, "हो हो, टेकतो," आणि टेकले नाहीत. नंतर लक्षात आलं, कोणी नसलं की टेकायचे. फाटकाची कडी वाजली की पाठ सरळ. पोस्टमन आला तरी सरळ, दूधवाला आला तरी सरळ. मी हात टेकले. ओसरीत जाताना भांडं वाजवत जायची सवय केली, म्हणजे त्यांना सावरायला वेळ मिळे. तेही मला आवडत नव्हतं, पण काय करता.

वर्षभरानं मालकाचा मुलगा आला, बहिणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. मी आत होती, खिडकीतून दिसत होतं. मामाजी टेकलेले होते. कडी वाजली, माणूस आत आला, आणि मामाजींची पाठ खांबापासून सुटली. मी मनात म्हटलं, झालं. तो खुर्चीवर बसला. मामाजी त्याच्याकडे पाहत राहिले, बराच वेळ. मग हळूच मागे सरकले, पाठ खांबाला लावली, पाय लांब केले आणि आत आवाज दिला, "सूनबाई, चहा टाक दोघायचा."

मी चहा टाकला आणि तिथंच भिंतीला पाठ लावून खाली बसली. सगळी दमणूक एकदम वर आली आणि मी लहान पोरीसारखी रडली. चहा उतू गेला. तो पुन्हा टाकावा लागला.

मामाजी गेले त्यालाही आता काळ लोटला. मागची खोली अजून झाली नाही. परवा घराला रंग द्यायला काढला. पेंटर आदिलाबादचा, हिंदी बोलणारा. खांबापाशी बसून त्यानं हाक मारली, "मॅडम, ये काला दाग है नीचे, पीठ का तेल है. घिस के, धो के साफ कर दूँ?"

मी एवढ्या जोरात ओरडली की हे आतून धावत आले.